रिव्ह्यूवाले सगळे पैसे खातात का?

प्रश्न : ताई, मी घणसोलीला राहतो, बीकॉमच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका यूट्यूबरने दहापैकी नऊ मार्क दिले म्हणून नवीन गेम घेतला, तर माझ्या जुन्या पीएस फोरवर, म्हणजे प्लेस्टेशन 4 या गेम खेळायच्या मशीनवर, तो नुसता अडकतोय. त्याला मेसेज करून विचारलं तर सरळ ब्लॉक केलं. हे सगळे कंपनीचे पैसे खाऊनच बोलतात का? मग विश्वास ठेवायचा कुणावर?

उत्तर : सगळेच खातात असं नाही रे, पण एक छदाम न घेता पण रिव्ह्यू तुला गंडवू शकतो. सायबरपंक 2077 चंच घे. 10 डिसेंबर 2020 ला गेम आला, त्याआधी रिव्ह्यूसाठी कंपनीने दिली फक्त पीसीची कॉपी, वर अट अशी की रिलीज होईपर्यंत स्वतः खेळतानाचं फुटेज दाखवायचं नाही, आम्ही देतो तेच व्हिडिओ लावा. चांगल्या पीसीवर गेम बरा चालत होता म्हणून मार्क भरभरून पडले, आणि पीएस फोरवाल्यांनी घरी लावला तर धूसर चेहरे, मधेच क्रॅश, वैताग नुसता. आठवडाभरात प्लेस्टेशन बनवणाऱ्या सोनीने गेम आपल्या ऑनलाइन स्टोअरमधून काढून टाकला, रिफंड द्यायला लागले, परत आला तो थेट जून 2021 ला. यात लाच कुठेच नाही बघ. म्हणून मार्क नंतर बघ, आधी बघ की हा माणूस कुठल्या मशीनवर खेळलाय, किती तास खेळलाय, कॉपी विकत घेतली की कंपनीने दिली, आणि फुटेज कुणाचं. हे जो सांगत नाही त्याचा नऊ आणि सहा मला सारखाच.

आता पैशाचं. 2014 मध्ये शॅडो ऑफ मॉर्डोर या गेमसाठी वॉर्नर ब्रदर्सने यूट्यूबर्सना पैसे दिले, करारात होतं की बग, म्हणजे गेममधले दोष, दाखवायचे नाहीत, आणि पैसे घेतल्याचं लिहायचं कुठे तर खाली डिस्क्रिप्शनमध्ये, जे कोण उघडून बघतंय! अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने 2016 ला त्यांना यावरून धरलं. आपल्याकडे पण आस्कीचे, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या संस्थेचे, 2021 पासून नियम आहेत : पैसे सोड, वस्तू फुकट मिळाली तरी लेबल लावायचं, ते हॅशटॅगच्या ढिगात लपवायचं नाही, आणि व्हिडिओ दोन मिनिटांपेक्षा मोठा असेल तर त्या वस्तूबद्दल बोलणं चालू आहे तोवर लेबल दिसत राहिलं पाहिजे. तुझ्याकडे पक्का पुरावा असेल तर आस्कीकडे ऑनलाइन तक्रार टाक, नाहीतर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन लाव. नुसता संशय असेल तर उगाच कुणाच्या नावाने बोंब मारू नकोस.

ब्लॉक केलं हे मात्र मला सगळ्यात खटकलं. चूक कुणाचीही होते, पण चांगला लिहिणारा तारीख टाकून वरच लिहितो की बाबांनो, पीएस फोरवर अडकतोय, माझं आधीचं मत बदललंय. गपचूप आकडा बदलणारे पण असतात, त्यांना आधी अनसबस्क्राइब कर.

तुझ्या पैशाचं म्हणशील तर डिस्क असेल तर वाशीत, ठाण्यात जुने गेम घेणाऱ्या दुकानांत विचार, लवकर विकलास तर भाव बरा येईल. डिजिटल असेल तर जरा अवघड आहे, प्लेस्टेशनवर 14 दिवसांत रिफंड मागता येतो पण एकदा डाउनलोड सुरू केलं की सहसा देत नाहीत. गेममध्येच दोष असेल तर मात्र अडकतानाचा व्हिडिओ काढून सपोर्टला पाठव, तिथे जमू शकतं.