पेंच सोडण्याआधी

आपण नागपुरात पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करून कंत्राटी प्रकल्प सहायक आहात आणि वन्यजीव संवर्धनाच्या कामासाठी कॅनडाला जावे का, असे विचारले आहे. व्हिसाचे नियम सरकारी संकेतस्थळावर मिळतील. मी 2021 मध्ये ब्रिटिश कोलंबियात आलो. तिथे न मिळणारे तेवढे सांगतो.

माझ्या वेळी पदवीच्या मूल्यांकनासाठी गुणपत्रकांच्या प्रती विद्यापीठानेच मोहोरबंद लिफाफ्यात पाठवाव्या लागत होत्या. मी इकडे येऊन बसलो होतो, म्हणून माझे अडुसष्ट वर्षांचे वडील मे महिन्याच्या उन्हात चार वेळा विद्यापीठाच्या खिडकीपाशी गेले. चौथ्या खेपेला कळले की अर्ज पहिल्या दिवसापासून टेबलावरच पडून होता. त्यांनी कधी तक्रार केली नाही, पण मला ते आजही विसरता येत नाही. हे काम आपण निघण्यापूर्वी स्वतः उरका.

मुलाखतीत माझ्या पदवीपेक्षा पेंच व्याघ्र प्रकल्पातल्या कामाची चौकशी अधिक झाली. तिथून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग 44 खालच्या वन्यप्राणी मार्गांवर 2019 मध्ये लावलेल्या कॅमेऱ्यांनी 11 वाघ टिपले, हे समोरच्यांनी लक्षपूर्वक ऐकले, कारण कॅनडातल्या बॅन्फ राष्ट्रीय उद्यानातल्या महामार्गावर वन्यप्राण्यांसाठीचे पूल 1990च्या दशकातच झाले होते. आपल्या नोंदी नीट लिहून ठेवा. वाहन चालविण्याचा परवाना मात्र हवाच. त्याशिवाय क्षेत्रकामावर सहसा घेत नाहीत, आणि सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा उन्हाळी हंगामापुरत्याच असतात.

एकटेपणा असतो, कामाच्या दिवसांत तो निभावतो.

त्याहून कठीण गोष्ट वेगळी आहे. साग, ऐन, धावडा, मोह मी नुसत्या सालीवरून ओळखत असे. इथे डग्लस फर आणि हेमलॉक ही झाडे पुस्तक उघडून शिकलो, आणि तिशी उलटल्यावर पुन्हा नवशिका झालो. दर सहा महिन्यांनी संपणाऱ्या कंत्राटाला कंटाळून मी निघालो, संवर्धनासाठी नव्हे, हे आपल्यापासून लपवणे बरे नाही. ज्या वनमजुराने मला पगमार्क, म्हणजे प्राण्यांच्या पावलांचे ठसे, वाचायला शिकवले, त्याला दोन वर्षांत परत येतो असे सांगून आलो होतो. बुद्ध पौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या प्राण्यांच्या प्रगणनेनंतर तो अजूनही फोन करतो आणि मचाणावरून काय काय दिसले ते सांगतो. यंदा त्याने विचारले, कधी येता? मी म्हणालो, मे महिन्यात इथला हंगाम सुरू होतो. ते खरेच आहे. पण न जाण्याचे कारण तेच आहे का, हे मला त्याला सांगता आले नाही.