करी रोडकडे वळू नकोस

प्रिय मित्रा,

ए.ए.च्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' गटाच्या, पहिल्याच मीटिंगमधून चहाच्या आधी उठून आलास. 'सगळे म्हातारे, वर प्रार्थना' अशी तक्रार केलीस आणि आता विचारतोस, काका, चांगली मीटिंग कुठली? चांगली कुठली ते मला नाही सांगता येणार. तुला गाठता येईल अशी कुठली, ते मात्र आपण मिळून काढू.

त्याआधी एक गोष्ट. रोज पीत असशील, सकाळी हात थरथरतात म्हणून उतारा लागत असेल, तर एकदम बंद करून थेट मीटिंगला येऊन बसू नकोस. आधी डॉक्टर. अशा शरीराची दारू अचानक तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढच्या दोनेक दिवसांत भ्रम होऊ शकतो, आणि त्यात माणूस दगावतोही. परळला केईएमच्या मानसोपचार विभागात दाखव, किंवा 14446 या सरकारी हेल्पलाइनवर विचार. औषधाचं काम मीटिंग करत नाही.

आता तुझी संध्याकाळ बघू. साडेसहाला लोअर परळचं ऑफिस सुटतं, घर भांडुपला. तू घरी पीत नाहीस, ऑफिसात पीत नाहीस. करी रोड स्टेशनला चालत जाताना कोपऱ्यावरचा बार लागतो, मग क्वार्टर, चकणा, बडीशेप आणि नऊची स्लो. तुझं सगळं पिणं त्या दोन तासांत आहे. मग रविवार सकाळची मीटिंग कितीही छान असली तरी ती तुझ्या काय कामाची? तुला सात-साडेसातची हवी, आणि बार वाटेत न लागणारी. करी रोडचं नावच सोड. लोअर परळहून गाडी पकड, दादरला बदल. दादरच्या पुलावरची गर्दी शिव्या घालण्यासारखी असते, पण तिथे कोणी क्वार्टर विकत नाही.

ए.ए.च्या सुरुवातीची हकिगत याच वेळेची आहे. 1935 चा मे महिना, अमेरिकेतलं अ‍ॅक्रन गाव. बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा शेअर दलाल धंद्याचं काम फसल्यावर हॉटेलच्या लॉबीत एकटा उभा होता. दारू सोडून काहीच महिने झालेले. एका बाजूला बारमधले आवाज, दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्याने चर्चची यादी बघून फोन लावले: मला एखाद्या दारुड्याशी बोलायचंय. दुसऱ्या दिवशी डॉक्टर बॉब स्मिथ भेटले, तेही गळ्यापर्यंत बुडालेले. बिलला उपदेश करणारा नको होता, त्या तासाला बोलायला त्याच वाटेवरचा माणूस हवा होता. तुलाही तेच शोधायचंय.

वार, वेळ, भाग आणि भाषा ए.ए.च्या हेल्पलाइनवर कळतात. 'ओपन' मीटिंगला कोणीही बसू शकतं, घरचेसुद्धा. 'क्लोज्ड'मध्ये फक्त ज्यांना दारू सोडायचीय ते. बिल्डिंगमधलं कोणी दिसेल ही धास्ती असेल तर क्लोज्ड बघ, दोन स्टेशनं पुढची. आणि दिसलाच कोणी, तर तोही तिथे तुला बघायला आलेला नाही. जागा चर्चच्या हॉलमध्ये असली म्हणून मीटिंग चर्चची होत नाही, ती फक्त जागा.

इंग्रजी मीटिंगला जाईन म्हणतोस, 'आपल्यासारखे' लोक असतील म्हणून. जरूर जा, पण मुख्य मीटिंग मराठीच धर. बाबांच्या पाकिटातून काढलेल्या पैशांचं तू इंग्रजीत झकास सांगशील, प्रेझेंटेशन दिल्यासारखं, आणि तुला स्वतःला काहीच टोचणार नाही.

प्रार्थनेचं म्हणशील तर ए.ए.च्या बारा पायऱ्या आहेत, त्यातल्या तिसऱ्या पायरीत देवाबरोबर 'आपल्याला जसा उमगला तसा' ही पुस्ती मुद्दाम आहे. नाही उमगला तर गप्प बस, कोणी हजेरी घेत नाही. म्हाताऱ्यांचं मात्र मी ऐकून घेणार नाही. ते अजून जिवंत आहेत, हीच त्यांची पात्रता.

एका ठिकाणी चार-पाच वेळा गेल्याशिवाय नापास करू नकोस. पहिल्यांदा माणसाला फक्त स्वतःचे हात लपवायचे असतात, कानावर काही पडत नाही. पण दोन ठिकाणांहून लगेच ऊठ: जिथे कोणी पैसे मागतं किंवा उपचार विकतं, आणि जिथे डॉक्टरांच्या गोळ्या बंद कर म्हणतात. ए.ए.ला फी नाही, झोळी फिरते, नव्याने काही टाकलं नाही तरी चालतं. स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सदस्य, धरायची घाई नको. चहाच्या वेळी कोणाशी बोलावंसं वाटतं ते बघ, त्याचा नंबर घे. म्हणून चहाच्या आधी पळायचं नाही.

आणि आईचं. ती तुझे खिसे तपासते, रात्री दारात उभी राहते, तुला राग येतो. तिच्यासाठी अल-अनॉन आहे, बिलच्या बायकोने, लोईसने, 1951 मध्ये आणखी एकीसोबत उभं केलेलं, पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. तू सोडशील न सोडशील, त्यावर तिचं जाणं अडू देऊ नकोस. एकटी जायला बिचकेल. तुझ्या काकू बरीच वर्षं जातायत, रविवारी दुपारी त्या तिला फोन करतील. नंबर तिला विचारून मगच पाठव.

तुझा,
काका