जुना पीएस2 (प्लेस्टेशन 2) नव्या 43 इंची 4के टीव्हीवर अंधुक का दिसतो? एव्ही टू एचडीएमआय कन्व्हर्टर घ्यावा का?

घेऊ नका. तुमचा पीएस2 ठणठणीत आहे, खोट एव्ही केबलच्या पिवळ्या पिनेत आहे. त्या एकाच तारेत उजेड आणि रंग एकत्र कोंबलेले असतात आणि टीव्ही ते जमेल तसे वेगळे करतो. गेममधल्या स्कोअरबोर्डवरच्या लाल आकड्यांकडे जवळून बघा, रंग कडांच्या बाहेर ओघळलेला दिसेल. जुन्या डबा टीव्हीवर हे खपून जायचं. स्वस्त कन्व्हर्टर हीच पिवळी तार घेतो, वर चित्र आडवं ताणतो. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आधी टीव्हीची मागची बाजू बघा. हिरवं, निळं, लाल अशी कंपोनंटची (म्हणजे उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून नेणाऱ्या जोडणीची) भोकं असतील तर निम्मं काम झालं. केबल मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात शोधा, पण ‘पीएस2 ची कंपोनंट’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर दुकानदार साधी एव्हीच हातात ठेवेल. पीएस3 ची कंपोनंट केबलही चालते, दोघांचं सॉकेट एकच आहे.

केबल बदलण्याआधी, पिवळी तार लावलेली असतानाच, डिस्क न घालता पीएस2 चालू करा. सिस्टिम कॉन्फिगरेशनमध्ये ‘कंपोनंट व्हिडिओ आउट’ आरजीबीवर असेल तर दुसऱ्या पर्यायावर आणा. हे राहिलं की चित्र हिरवंगार येतं आणि लोक नव्या केबलला शिव्या घालतात.

मग टीव्हीत गेम मोड चालू, शार्पनेस अगदी खाली, आणि चित्र 4:3. दोन्ही बाजूंना काळे पट्टे येतील, येऊ द्या. ताणलं की खेळाडू जाडे दिसतात.

कंपोनंटची भोकंच नसतील तर रेट्रोटिंक किंवा ओएसएससी, म्हणजे जुन्या कन्सोलचं चित्र नीट एचडीएमआयवर आणणारी यंत्रं. पीएस1 चे गेम खेळणार असाल तर तेच बरं, कारण त्यांतले बरेचसे गेम 240 ओळींचं चित्र पाठवतात आणि पुष्कळ नवे टीव्ही त्याला 480आय (480 ओळी दोन हप्त्यांत पाठवणारं चित्र) समजून गोंधळ घालतात. ही यंत्रं बाहेरून मागवावी लागतात, किमतीवर कस्टम ड्युटी धरा. फक्त अधूनमधून पीएस2 खेळण्यासाठी एवढा खर्च मी तरी करणार नाही. त्यापेक्षा ओळखीत कुणी डबा टीव्ही काढून टाकत असेल तर उचला. अर्थात मुंबईतल्या वन बीएचकेत तो ठेवायचा कुठे, ते घरच्यांना आधी विचारा.