लाइन तुटली की काम का बंद पडते?

प्रश्न : संशोधनासाठी मी विद्यापीठाच्या लिनक्स सर्व्हरवर घरूनच एसएसएचने (दूरच्या संगणकावर लॉगिन करून आदेश देण्याच्या सोयीने) काम करते. पावसाळ्यात आमच्याकडे नेट वरचेवर जाते आणि सात-आठ तास चाललेली आकडेमोड मध्येच बंद पडते. काम चालू राहावे म्हणून कोणी ‘नोहप’ (nohup) हा आदेश सुचवतात, कोणी ‘टीमक्स’ (tmux) हा प्रोग्राम. लॅपटॉपवर टीमक्स बसवून त्यातून सर्व्हरवर लॉगिन केले, तरी फरक पडला नाही. माझे कुठे चुकते?
— एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : साधन योग्य आहे, जागा चुकली आहे. टीमक्स सर्व्हरवर चालायला हवे.

एसएसएचचा संपर्क तुटला की सर्व्हर तुमचे टर्मिनल (आदेश टाइप करण्याचा पडदा) बंद करतो आणि त्यातल्या प्रोग्रामांना ‘हँगअप’ नावाचा संकेत जातो. मोडेमवरून काम चाले त्या काळी फोन ठेवला गेल्याची ती वर्दी होती, आणि ती मिळालेला प्रोग्राम, वेगळी सूचना नसेल तर, तिथेच संपतो. नोहप त्याला या संकेताकडे दुर्लक्ष करायला लावते. एकदा सुरू करून निकालाची फाइल नंतर पाहायची असेल तर तेवढे पुरते. पण मध्येच प्रोग्रामने काही विचारले, तर उत्तर द्यायला टर्मिनल उरलेले नसते. टीमक्समध्ये टर्मिनलच सर्व्हरवरच्या एका स्वतंत्र प्रक्रियेच्या ताब्यात असते आणि तुमचा एसएसएच हा केवळ ते पाहण्याचा झरोका असतो. तो बंद झाल्याने आतल्या कामाला धक्का लागत नाही.

आधी सर्व्हरवर लॉगिन करा, मग ‘टीमक्स न्यू’, त्यापुढे उणे चिन्हासह एस आणि ‘मोजणी’सारखे एखादे नाव (अर्थात रोमन लिपीत) असा आदेश द्या. तळाशी हिरवी पट्टी दिसेल. काम सुरू करून कंट्रोल-बी दाबा, सोडा, आणि मग नुसते डी दाबा. तुम्ही बाहेर पडाल, काम आत चालू राहील. परतताना ‘टीमक्स अटॅच’, उणे टी आणि तेच नाव. बाहेर पडण्याआधीच नेट गेले, तरी काही बिघडत नाही. लॅपटॉपवरचे टीमक्सही चालू असेल, तर हिरव्या पट्ट्या दोन दिसतील आणि कंट्रोल-बी बाहेरचेच गिळून टाकेल. आतल्यापर्यंत पोचवायला ते दोनदा दाबावे लागते. माझा सल्ला, लॅपटॉपवरचे तूर्त बंदच ठेवा.

पडद्याचे उभे-आडवे भाग पाडण्याचे कौतुक फार होते. टक्क्याच्या आणि दुहेरी अवतरणाच्या चिन्हाने ते साधते, पण तुमच्या अडचणीशी त्याचा संबंध नाही. सर्व्हरवर टीमक्स नसेल, तर 1987 पासूनचे ‘स्क्रीन’ हेच काम करते. त्याची मुख्य कळ कंट्रोल-ए आहे, आणि बॅशमध्ये (टर्मिनलमधले आदेश घेणाऱ्या प्रोग्राममध्ये) ओळीच्या आरंभी जायलाही तीच लागत असल्याने मला तो रोजचा जाच वाटतो.

मागचे पाहायला कंट्रोल-बी आणि डावा चौकोनी कंस, बाहेर यायला क्यू. मूळ मांडणीत फक्त 2000 ओळी साठतात, म्हणून निकाल फाइलीतही लिहीत जा. काही सर्व्हरांवर वापरकर्ता बाहेर पडताच त्याच्या साऱ्या प्रक्रिया बंद करण्याची मांडणी असते. तसे दिसले तर व्यवस्थापकांना विचारावे लागेल. सर्व्हरच रीस्टार्ट झाला तर मात्र टीमक्सही जाते, तेव्हा आठ तासांच्या आकडेमोडीत दर अर्ध्या तासाला मधला निकाल डिस्कवर जाईल, एवढी सोय प्रोग्राममध्येच करून घ्या.