ब्रेकबीट, ट्रिप-हॉप आणि 'संकलन'

एका वाचकाने विचारलं आहे: "नव्वदच्या दशकात इंग्लंडमध्ये निघालेल्या ट्रिप-हॉप आणि ब्रेकबीटच्या कंपायलेशन आल्बमवर मराठीत लेख लिहितो आहे. ब्रेकबीटला 'तुटक ताल' म्हटलं तर चालेल का? ट्रिप-हॉपला काही प्रतिशब्द आहे का? आणि कंपायलेशनला संग्रह म्हणू, संकलन म्हणू की मिश्रण?"

माझं मत आधीच सांगतो. पहिले दोन शब्द आहेत तसे देवनागरीत लिहावेत. तिसऱ्यासाठी मात्र 'संकलन' हा मराठी शब्द इतका चपखल बसतो की मूळ कंपायलेशनही त्यापुढे अपुरं वाटावं.

'तुटक' म्हटलं की लय अडखळते आहे, मधेच सुटते आहे असं मराठी कानाला वाटतं. तुटक बोलणं, तुटक वागणं हे आपले नेहमीचे प्रयोग आठवा. ब्रेकबीटमध्ये लय कुठेच तुटत नाही. साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकन फंक आणि सोल गाण्यांमध्ये मधे एक जागा येते. गाणारा थांबतो, गिटार आणि ट्रम्पेट थांबतात, आणि काही क्षण फक्त ड्रम वाजत राहतात. या जागेचं नाव ब्रेक. खंड पडतो तो इतरांच्या वाजवण्यात, ठेका अखंड चालू असतो. लावणीत गाणारी थांबते, पेटी गप्प होते आणि ढोलकी एकटी कडाडते, तसाच हा प्रकार. त्या वेळी फडात काय होतं हे ज्याने पाहिलंय त्याला ब्रेक म्हणजे काय ते वेगळं समजवावं लागत नाही.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात १९७३च्या सुमारास कूल हर्क या जमैकात जन्मलेल्या डीजेने हेच हेरलं. नाचणारी मुलं त्या ड्रमच्या जागेची वाट पाहत असतात, मग पूर्ण गाणं कशाला वाजवायचं? त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या तबकड्यांवर, ठेवल्या. एकीवरचा ब्रेक संपला की दुसरीवर तोच सुरू करायचा, तेवढ्यात पहिली मागे फिरवायची. असा काही सेकंदांचा तुकडा मिनिटामिनिटांचा झाला. त्या तुकड्यावर उभा राहिलेला ठेका म्हणजे ब्रेकबीट.

'तुटक ताल' टाळण्याचं आणखी एक कारण आहे. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पश्चिम लंडनमध्ये 'ब्रोकन बीट' नावाची वेगळीच शैली तयार झाली. तिथे ठोके खरोखर मुद्दाम सरकवलेले, तिरपे पडलेले असतात. 'तुटक ताल' हे नाव कुणाला द्यायचंच असेल तर त्या शैलीला द्यावं.

'तुकडा' हा शब्द सुचणं साहजिक आहे, पण तो तबल्यात आधीच गुंतलेला आहे. तबल्याचा तुकडा समेवर येऊन संपतो, ते त्याचं कामच. ब्रेक मात्र संपू द्यायचा नसतो. फिरून फिरून येणं हा गुण आपल्याकडे ठेक्याचा आहे. म्हणून लेखात पहिल्यांदा उल्लेख येईल तिथे असं लिहा: "ब्रेकबीट, म्हणजे जुन्या गाण्यातली ड्रमची मोकळी जागा उचलून, ती पुन्हा पुन्हा फिरवून बांधलेला ठेका." पुढे नुसतं ब्रेकबीट पुरेल. हे वाक्य गाळू नका, कारण देवनागरीत गाडीचा ब्रेक आणि हा ब्रेक यांचं रूप एकच होतं, आणि वाचकाच्या मनात थांबण्याचं चित्र उभं राहतं. इथे तर गोष्ट न थांबण्याची आहे.

ट्रिप-हॉप हा शब्द छापून रूढ झाला तो मिक्समॅग या ब्रिटिश मासिकाच्या जून १९९४च्या अंकातून. अँडी पेम्बर्टन या पत्रकाराने तो डीजे शॅडोची 'इन/फ्लक्स' आणि मो वॅक्स या रेकॉर्ड कंपनीच्या तशाच इतर रेकॉर्डांसाठी वापरला. हिप-हॉपचाच मंद, धूसर, बहुतेक वेळा शब्दांवाचून चालणारा भाऊ, असा त्याचा रोख होता. ट्रिप म्हणजे नशेतली भ्रमंती. आपल्याकडे ट्रिप म्हटलं की महाबळेश्वर किंवा शाळेची सहल डोळ्यांपुढे येते, म्हणून 'सहल' किंवा 'सफर' घालून काही घडवायला गेलात तर अर्थ पार बदलेल.

शिवाय हा शब्द यमकावर उभा आहे. मराठीत 'विठोबा'च्या चालीवर 'पोटोबा' झाला, तसा 'हिप-हॉप'च्या चालीवर 'ट्रिप-हॉप'. ज्या शब्दाची गंमत शेजारच्या शब्दाच्या नादात असते, त्याचं एकट्याचं भाषांतर होत नाही. पोटोबाचं इंग्रजी करून पाहा.

एक गोष्ट लेखात जरूर यावी. ज्यांच्यावर हे लेबल चिकटलं त्यांना ते आवडत नव्हतं. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरातल्या मॅसिव्ह अटॅक या बँडचा 'ब्लू लाइन्स' १९९१चा, म्हणजे शब्दाच्या तीन वर्षं आधीचा. ब्रिस्टलच्याच पोर्टिसहेडचा 'डमी' १९९४चा, ट्रिकीचा 'मॅक्सिनक्वे' १९९५चा. हे तिघेही हा शब्द स्वतःहून लावून घेत नव्हते. मग तो टिकला कसा? माझ्या मते दुकानातल्या फळीमुळे. आणि त्या फळीवर होती ती मुख्यतः संकलनं. एकेका कलाकाराचा आल्बम त्याच्या नावावर विकला जातो. दहा-पंधरा अनोळखी नावं एका वेष्टनात घातली की वेष्टनाला काहीतरी नाव द्यावंच लागतं, आणि गिऱ्हाइकही त्या नावानेच मागतं.

आता तिसरा प्रश्न. संग्रह आणि संकलन हे शब्द आपण सैलपणे एकमेकांच्या जागी वापरतो, पण या विषयात त्यांच्यातला फरक फार उपयोगी पडतो. न्यूयॉर्कच्या स्ट्रीट बीट रेकॉर्ड्सने १९८६ ते १९९१ या काळात 'अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स' या मालिकेचे २५ भाग काढले. लेनी रॉबर्ट्स आणि लुई फ्लोरेस यांनी जुन्या, दुर्मीळ रेकॉर्डांमधली ब्रेक असलेली गाणी एकत्र आणली. डीजेंना आणि निर्मात्यांना कच्चा माल हाताशी मिळावा, हा हेतू. याला मी निःसंकोच संग्रह म्हणेन. पहिल्याच भागात विन्स्टन्स या बँडचं १९६९चं 'आमेन, ब्रदर' आहे. त्यातला ग्रेगरी कोलमन या ड्रमरचा सहा-सात सेकंदांचा ब्रेक पुढे लंडनच्या 'जंगल' आणि 'ड्रम-अँड-बास' या वेगवान नृत्यसंगीताच्या शैलींचा पाया झाला.

याच कच्च्या मालावर वाढलेल्या पिढीने इंग्लंडमध्ये जे काढलं ते संकलन. मराठी सिनेमाच्या श्रेयनामावलीत 'संकलन' म्हणून ज्याचं नाव येतं तो काय करतो? कापतो, जोडतो, कोणत्या दृश्यानंतर कोणतं हे ठरवतो. आणि कवितांच्या पुस्तकावर 'संकलन' लिहितात तेव्हा अर्थ होतो निवडून एकत्र करणं. निवड आणि कापजोड हे दोन्ही अर्थ आपल्या एका शब्दात नांदतात, आणि नव्वदच्या दशकातल्या या आल्बमना दोन्ही लागतात.

जेम्स लव्हेलच्या मो वॅक्सचं 'हेड्झ' हे १९९४चं संकलन पहिल्या अर्थाचं. त्यात डीजे शॅडो, नाइटमेअर्स ऑन वॅक्स, अगदी ऑटेकरसारखे इलेक्ट्रॉनिक संगीतातले लोकही एकत्र येतात. आधी एकत्र नसलेली माणसं शेजारी बसवली आणि एक घराणं असल्याचा प्रत्यय आला, ही निवडीची ताकद. मुखपृष्ठावर उपशीर्षक आहे, पण त्यात ट्रिप-हॉप हा शब्द नाही, हेही नोंदवण्यासारखं.

दुसऱ्या अर्थाचं उदाहरण म्हणजे कोल्डकट या इंग्रज डीजे-जोडीचं '७० मिनिट्स ऑफ मॅडनेस', १९९५चं, 'जर्नीज बाय डीजे' मालिकेतलं. इथे रेकॉर्डी एकामागून एक येत नाहीत, एकीत दुसरी मिसळते, आणि 'डॉक्टर हू' या दूरदर्शन मालिकेची धूनही मधे शिरते. इंग्रजीत याला मिक्स म्हणतात. तुम्ही सुचवलेलं 'मिश्रण' मात्र मला नको वाटतं. मिश्रण औषधाचं किंवा सिमेंटचं, त्यात कुणाचा हात दिसत नाही. सिनेमाच्या अर्थाने संकलन म्हटलं की कुणीतरी बसून कापलं-जोडलं हे लगेच कळतं. बर्लिनच्या स्टुडिओ के-सेव्हनची 'डीजे-किक्स' मालिका आणि त्यातलं क्रुडर-डोर्फमायस्टर या व्हिएन्नाच्या जोडीचं १९९६चं संकलन याच जातीचं.

कोल्डकटच्या दोघांनीच १९९०मध्ये निन्जा ट्यून ही कंपनी काढली. तिच्या संकलनांची नावं तर शब्दवेड्यांसाठी मेजवानी आहेत: 'फंकजॅझटिकल ट्रिकनॉलॉजी' १९९५, 'फ्लेक्झिस्टेन्शियलिझम' १९९६, 'फंकुंगफ्यूजन' १९९८. शेवटच्यात फंक, कुंग फू आणि फ्यूजन एकमेकांत घुसवलेत. संगीत जसं तुकडे जोडून केलेलं, तशीच नावंही. ही नावं लिप्यंतर करून तशीच ठेवा आणि हवी तर एका ओळीत फोड सांगा.

सॅम्पलिंगबद्दल, म्हणजे जुन्या रेकॉर्डमधला भाग उचलून नव्या गाण्यात वापरण्याबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण तो शब्द लेखात येणारच. 'नमुना' लिहू नका. नमुना दाखवण्यासाठी असतो, इथे उचललेला भाग हेच बांधकाम असतं. 'उचल' आणि 'उचललेली जागा' हे मला जवळचे वाटतात. 'उचल'मध्ये कर्जाची छटा आहे आणि ती इथे खरीही आहे: कोलमनला त्या ब्रेकचे पैसे कधी मिळाले नाहीत आणि २००६मध्ये तो बेघर अवस्थेत वारला. 'उचलेगिरी' मात्र सरसकट नको. पोर्टिसहेडने 'ग्लोरी बॉक्स'मध्ये आयझॅक हेज या अमेरिकन सोल गायकाची जागा उचलली, तीच ट्रिकीनेही उचलली, आणि दोन्ही गाणी एकमेकांपासून पूर्ण वेगळी झाली. हे चोराचं काम नव्हे.

भारताशी नातं असलेल्या संकलनांची नावं लिहिताना जपावं. तलविन सिंग या लंडनच्या तबलावादकाने १९९७मध्ये काढलेलं 'अनोखा' सोपं आहे. लंडनच्या हॉक्स्टन चौकातल्या ब्लू नोट क्लबात सोमवारी होणाऱ्या त्याच्या रात्रींचंही हेच नाव होतं, आणि शब्द आपलाच आहे. त्याच वर्षीचं 'अनटचेबल आउटकास्ट बीट्स' मात्र अवघड आहे. आउटकास्ट हे कंपनीचं नाव, आणि त्याच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये जातीचा शब्द मुद्दाम घातलेला आहे. ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई तरुणांनी आपण बाहेरचे ठरवले गेलो, ही भावना त्या श्लेषातून मांडली. अनुवाद करून 'अस्पृश्य ठेके' असं काही लिहू नका. महाडच्या चवदार तळ्याचा इतिहास ज्या भाषेत सांगितला जातो, तिच्यात हा शब्द कोटीसाठी हलका करता येत नाही, करूही नये. नाव देवनागरीत जसंच्या तसं द्या आणि श्लेष गद्यात समजवा.

लिंगाचं सांगायचं राहिलं. ब्रेकबीट पुल्लिंगी, 'तो', ठेका आणि ताल यांच्या सोबतीने. ट्रिप-हॉप 'ते', कारण मनात संगीत असतं. 'ती ट्रिप' म्हणतो म्हणून 'ती ट्रिप-हॉप' लिहू नका, सामासिक शब्दाचं लिंग शेवटच्या पदावरून ठरतं. संकलन 'ते', अनेकवचन 'संकलनं', आणि ज्याने केलं तो 'संकलक'. डीजेच्या नावाआधी 'संकलन:' असं लिहिलंत तरी वाचकाला बरोबर कळेल.