कर्ज तुमच्या शिक्षणाचं, गहाण मात्र आई-बाबांचं घर

न्यू जर्सीतल्या एका जोडप्याचं पत्र आहे. दोघांनीही अमेरिकेत मास्टर्स केलं, दोघांचीही शैक्षणिक कर्जं अजून चालू आहेत आणि दोन्ही भारतातली, रुपयांतली आहेत. त्याच्या कर्जाला नाशिकचा फ्लॅट तारण आहे, तिच्या कर्जाला सांगलीतला एन.ए. (बिगरशेती) प्लॉट. त्याचा एच-वन-बी, म्हणजे नोकरीचा व्हिसा झाला आहे, ती अजून ओपीटीवर, म्हणजे शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या तात्पुरत्या कामाच्या परवानगीवर आहे. त्यांचे प्रश्न तीन आहेत. इथल्या घराच्या डाउन पेमेंटसाठी पैसे साठवावेत की आधी कर्ज फेडावं? डॉलर आणखी वर जाईल म्हणून पैसे पाठवायला थांबावं का? आणि बाबा म्हणतात, "आमच्या पीएफमधून थोडं भरतो, तुम्ही तिकडे स्थिरस्थावर व्हा," तर त्यांना हो म्हणावं का?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते: नाही. बाबांनी घर गहाण ठेवून सही केली, त्यांच्या वाट्याचं त्यांनी तेव्हाच केलं. ते सहकर्जदार आहेत, म्हणजे हप्ता चुकला तर त्यांचाही सिबिल स्कोअर पडतो. ९० दिवस थकबाकी राहिली की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज होतं. त्यानंतर सरफेसी कायद्याखाली (तारण ताब्यात घेऊन वसुली करण्याचा कायदा) बँक ६० दिवसांची नोटीस काढू शकते, आणि ती नोटीस न्यू जर्सीतल्या अपार्टमेंटला येत नाही, नाशिकच्या दारावर लागते. निवृत्तीनंतरची पुंजी मोडून त्यांनी तुमचं व्याज भरावं अशी तुमच्या घरची परिस्थिती आज नाही. त्यांनी कितीही आग्रह केला तरी ते पैसे त्यांच्याकडेच राहू द्या.

तुमचे आकडे पत्रात नाहीत, म्हणून एक उदाहरण घेते. ४० लाखांचं कर्ज, व्याजदर ११ टक्के. १० वर्षांची मुदत घेतली तर महिन्याचा हप्ता सुमारे ५५,१०० रुपये. पहिल्या हप्त्यातले जवळपास ३६,७०० रुपये व्याजात जातात, मुद्दल फिटते जेमतेम १८,४०० रुपये. दहा वर्षांत एकूण व्याज होतं २६ लाख. हप्ता हलका करायला मुदत १५ वर्षांची केली तर हप्ता ४५,५०० च्या आसपास येतो, पण व्याज जवळजवळ ४२ लाखांवर जातं, म्हणजे मुद्दलापेक्षाही जास्त. आता उलट बाजू बघा. तेच कर्ज दरमहा एक लाख भरून फेडलं तर साधारण ५० महिन्यांत संपतं आणि व्याज १० लाखांच्या आसपास राहतं. डॉलरला ९० रुपये धरले तर एक लाख म्हणजे सुमारे १,११० डॉलर. दोन पगारांच्या घरात, चार-सव्वाचार वर्षं भाड्याच्या वन बेडरूममध्ये राहायची तयारी असेल, तर ही रक्कम अवघड असली तरी आवाक्याबाहेरची नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर: आधी कर्ज, मग डाउन पेमेंट.

यात एक सवलत तिच्या हातात आत्ताच आहे आणि फार जणांच्या ती लक्षात येत नाही. एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर, म्हणजे ओपीटीवरही, पहिली पाच कॅलेंडर वर्षं पगारातून सोशल सिक्युरिटी (पेन्शन) आणि मेडिकेअर (आरोग्य) यांचा कर कापला जात नाही. हे दोन्ही मिळून ७.६५ टक्के होतात. वर्षाला ९०,००० डॉलर पगार असेल तर महिन्याला ५७० डॉलरच्या वर, म्हणजे ५१,००० रुपये. वरच्या उदाहरणातला जवळजवळ अख्खा हप्ता! एच-वन-बी लागू झाला की ही कपात सुरू होते आणि हातात येणारा पगार एकदम कमी होतो. म्हणून ओपीटीच्या काळात हे पैसे खर्चाच्या सवयीत मिसळू देऊ नका, थेट कर्जाकडे वळवा. तिची पे-स्लिप आजच उघडून बघा. काही कंपन्यांचा पेरोल विभाग चुकून ही कपात करत राहतो. तसं झालं असेल तर आधी कंपनीकडे परतावा मागायचा, त्यांनी दिला नाही तर आयआरएसकडे, म्हणजे अमेरिकेच्या कर खात्याकडे, फॉर्म ८४३ भरायचा.

आता डॉलर वर जाण्याची वाट बघण्याबद्दल. रुपया घसरतो हे खरं आहे. २०१५ च्या सुरुवातीला डॉलर ६२-६३ रुपयांना होता, २०२५ च्या सुरुवातीला ८६ च्या आसपास. पण वर्षाचा हिशेब काढला तर ही घसरण सरासरी तीन-साडेतीन टक्क्यांची आहे आणि तुमचं कर्ज ११ टक्क्यांनी वाढतंय. १०,००० डॉलर आज ९० च्या भावाने पाठवले तर नऊ लाख मुद्दल कमी होते आणि वर्षाचं ९९,००० रुपये व्याज वाचतं. तेच पैसे अमेरिकेत चार टक्क्यांच्या सेव्हिंग्जमध्ये ठेवून वर्षभर थांबलात, तर नुसती बरोबरी साधायला डॉलर ९६ वर जायला हवा. एखाद्या वर्षी जाईलही, पण त्या आशेवर घर गहाण ठेवू नये. दर महिन्याला पगार झाला की पैसे पाठवा. पाठवताना जाहिरातीतला भाव न बघता शुल्क वजा जाता खात्यात किती रुपये पडतात ते बघा. १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेत लागू झालेला एक टक्का कर रोख रक्कम, मनी ऑर्डर किंवा कॅशियर्स चेक देऊन पाठवलेल्या पैशांवर आहे. बँक खात्यातून पाठवलेल्या पैशांवर तो नाही.

"आधी कर्ज" म्हटलं तरी दोन गोष्टी त्याच्याही आधी येतात. कंपनी ४०१(के) मध्ये, म्हणजे तुमच्या निवृत्तीच्या खात्यात, स्वतःची भर घालत असेल तर ती पूर्ण मिळेल एवढी रक्कम तिथे टाका. त्यापलीकडची गुंतवणूक सध्या थांबवली तरी चालेल. दुसरी गोष्ट हाताशी रोख पैसा. एच-वन-बीवर नोकरी गेली तर देशात राहायला ६० दिवसांपर्यंत मुदत मिळते. ओपीटीवर बेकारीचे एकूण ९० दिवस चालतात, स्टेम एक्स्टेन्शन (विज्ञान-तंत्रज्ञान शाखांना मिळणारी ओपीटीची मुदतवाढ) धरून १५०. या काळात भाडं आणि हप्ता दोन्ही चालू राहतात. चार महिन्यांचा इथला खर्च बाजूला असला पाहिजे. शिवाय चार-पाच हप्त्यांएवढी रक्कम भारतातल्या एनआरई खात्यात (अनिवासी भारतीयांचं, परदेशातली कमाई ठेवायचं रुपयांतलं खातं) हवी. इकडे उलथापालथ झाली तरी तिकडचा हप्ता चुकणार नाही एवढी सोय आधी करा आणि मगच जादा परतफेडीला हात घाला.

जादा परतफेड करताना बँकेला लेखी सांगावं लागतं. व्यक्तीने घेतलेल्या (धंद्यासाठी नसलेल्या) फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराच्या कर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे आणि तो एनबीएफसींनाही, म्हणजे बँक नसलेल्या वित्तसंस्थांनाही लागू आहे. पण जादा रक्कम खात्यात नुसती पडून राहिली, किंवा ती पुढच्या हप्त्यांपोटी आगाऊ धरली गेली, तर उपयोग नाही. ईमेलमध्ये स्पष्ट लिहा: ही रक्कम मुद्दलात जमा करा, हप्ता तोच ठेवा, मुदत कमी करा. आठवड्याने स्टेटमेंट मागवून मुद्दल खरोखर उतरली का ते पाहा. त्याच वेळी व्याजदरही तपासा. २०२५ मध्ये रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो) ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. तुमचं कर्ज रेपोशी जोडलेलं असेल तर दर उतरलेला दिसायला हवा. एनबीएफसीकडे स्वतःचा आधारदर असतो, तिथे विचारल्याशिवाय काही हलत नाही. तारण असलेलं आणि हप्ते वेळेवर जाणारं कर्ज तुमच्याकडे आहे, ते सरकारी बँकेकडे वळवण्याची चौकशी जरूर करा.

कराबद्दल थोडक्यात. भारतात शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची वजावट (८०ई म्हणून ओळखली जाणारी) जुन्या करप्रणालीतच मिळते, आठ वर्षांपुरती, आणि ज्याने आपल्या भारतातल्या करपात्र उत्पन्नातून व्याज भरलं त्यालाच. हप्ता तुम्ही अमेरिकेतून भरताय, तर बाबांना ती मिळत नाही. त्या वजावटीसाठी कर्ज लांबवू नका. अमेरिकेत विद्यार्थी कर्जाच्या व्याजावर वर्षाला २,५०० डॉलरपर्यंत वजावट आहे आणि कर्ज भारतीय बँकेचं असलं तरी अटी पाळल्यास ती घेता येते. मात्र एकत्रित रिटर्न भरणाऱ्या जोडप्याचं उत्पन्न १,७०,००० डॉलरच्या पुढे गेलं की ती कमी होत जाते आणि २,००,००० ला संपते (२०२५ चे आकडे). आणि नवरा आता अमेरिकेचा कर-निवासी आहे, तेव्हा भारतातल्या सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली असेल तर एफबार, म्हणजे परदेशी खात्यांची माहिती देणारा अमेरिकेचा फॉर्म, भरायचा. आई-बाबांबरोबरचं जॉइंट खातंही त्यात येतं.

हप्त्याची रोजची व्यवस्थाही तुमच्याकडे घ्या. बऱ्याच घरांत कर्जाचं खातं बाबांच्या फोनवर चालतं. न्यू जर्सीत हिवाळ्यात रात्रीचे साडेदहा, नाशिकला सकाळचे नऊ, आणि फोनवर एकच संवाद: "बाबा, ओटीपी आला का?" बाबा चष्मा शोधणार, मेसेज उघडेपर्यंत ओटीपीची वेळ संपणार, परत पहिल्यापासून. त्यांना या ताणातून सोडवा. हप्त्याचा मॅन्डेट (तो आपोआप कापायची परवानगी) तुमच्या एनआरई खात्यावर घ्या, बँकेत तुमचा परदेशी नंबर आणि ईमेल नोंदवा, जुनं बचत खातं एनआरओ, म्हणजे भारतातल्या उत्पन्नासाठीचं अनिवासी खातं, करून घ्या (फेमा या परकीय चलन कायद्याप्रमाणे ते करावंच लागतं), भारतातलं सिम रिचार्ज करून चालू ठेवा. बाबांना महिन्याला एक मेसेज पुरे: हप्ता गेला, बाकी एवढी राहिली.

एक अप्रिय गोष्टही लिहायला हवी. तुमच्यापैकी कुणाचं बरंवाईट झालं तर कर्ज सहकर्जदाराकडे, म्हणजे आई-बाबांकडे जातं. कर्ज देताना विम्याचा हप्ता रकमेत धरला होता का, ते मंजुरीपत्रात बघा. नसेल तर कर्जाएवढा साधा टर्म इन्शुरन्स दोघांनी घ्या आणि त्याचे कागद कुठे आहेत ते घरी सांगून ठेवा. तिशीच्या आतबाहेर त्याचा हप्ता फार नसतो.

शेवटचा हप्ता भरल्यावरही काम उरतं. १ डिसेंबर २०२३ पासून असा नियम आहे की कर्ज पूर्ण फिटल्यावर ३० दिवसांत बँकेने किंवा एनबीएफसीने मूळ कागदपत्रं परत करायची. त्यांच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची. कर्ज घेताना कोणते कागद दिले त्याची यादी असते, ती आत्ताच बाबांकडून फोटो काढून मागवून घ्या, कारण दहा वर्षांनी कुणाला काही आठवत नाही. कागद हातात आले की त्या यादीशी एकेक पान ताडून बघायचं. सोबत 'नो ड्यूज'चा दाखला घ्यायचा आणि सरसाईच्या (गहाण मालमत्तांची केंद्रीय नोंदणी) नोंदवहीतली तारणाची नोंद बँकेकडून बंद करून घ्यायची. नाशिकच्या फ्लॅटसाठी सोसायटीच्या दफ्तरी बँकेच्या बोजाची नोंद असेल, ती काढण्यासाठी बँकेचं पत्र सोसायटीला द्यावं लागेल. सांगलीच्या प्लॉटच्या सातबाऱ्यावर इतर हक्कात बँकेचं नाव चढलं असेल तर बँकेचं पत्र तलाठ्याकडे देऊन बोजा कमी करण्याचा फेरफार करून घ्यावा लागतो. हे सगळं आपोआप होईल असं धरून चालू नका. पुढच्या भारतवारीची तारीख कर्ज संपण्याच्या सुमारास ठेवता आली तर ठेवा, बँकेत बाबांबरोबर स्वतः जा, आणि महिन्याभराने नवा सातबारा ऑनलाइन काढून इतर हक्काचा रकाना वाचा.