पाच वाजले की सासूबाई म्हणतात, "मला घरी सोड"

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो. सासूबाई 74 च्या, शाळेत बाई होत्या. दोन वर्षांपासून विसरून राहिल्या, आधी गॅसवरचं दूध विसरायच्या तर आम्ही म्हटलं वय झालं. आता जेवून अर्धा तास होत नाही तर शेजारच्या काकूंना सांगतात, मला सकाळपासून कोणी जेवायला दिलं नाही. अन् रोज पाच वाजले की पिशवीत दोन साड्या अन् पावडरचा डबा भरून दारात उभ्या, "इतवारीला घरी सोड मला." ते माहेरचं घर विकून किती वर्षं झाली. डॉक्टरांनी अल्झायमर सांगून डोनेपेझिल नावाची गोळी दिली, तीन महिने झाले, काही फरक नाही. बंद करू का? नवीन इंजेक्शन निघालंय म्हणतात, त्याचं काय?
— एक सून, नागपूर

उत्तर : गोळी मनाने बंद करू नका, हे आधी. ह्या आजारात मेंदूच्या पेशींबाहेर अमायलॉइड नावाचं प्रोटीन साचतं, आत टाऊ नावाच्या दुसऱ्या प्रोटीनचा गुंता होतो अन् पेशी मरत जातात. सुरुवात बहुतेकदा नवीन आठवण साठवणाऱ्या भागात होते, म्हणून दुपारचं जेवण पुसलं जातं अन् लहानपणची इतवारी जशीच्या तशी. म्हणजे त्या खोटं बोलत नाहीत, त्यांच्यापुरतं ते जेवण झालंच नाही. (उष्टं ताट लगेच उचलू नका, थोडा वेळ समोर राहू द्या, तरी मागितलं तर वाटीभर मुरमुरे द्यायला काय जातं!)

मेलेली पेशी गोळीने परत येत नाही. डोनेपेझिल उरलेल्या पेशींचं काम थोडं सोपं करते, त्यामुळे काही जणांची घसरण काही काळ हळू होते, इतकंच. तीन महिन्यांपूर्वी आंघोळ स्वतः करायच्या अन् आजही करत असतील तर तोच फरक समजा. डोस वाढवायचा का, मेमँटिन ही दुसरी गोळी जोडायची का, ते डॉक्टरांना विचारा. मळमळ, जुलाब, चक्कर असेल तर लगेच सांगा. बी12 व्हिटॅमिन अन् थायरॉइड तपासलंय न? त्यांच्या कमतरतेनेही विसरणं वाढतं, अन् ते औषधाने सुधारू शकतं.

इंजेक्शनं म्हणजे लेकानेमॅब अन् डोनानेमॅब, अमेरिकेत 2023 अन् 2024 मध्ये पूर्ण मंजुरी मिळाली. पण ती अगदी सुरुवातीच्या पेशंटसाठी, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होऊ शकतो म्हणून वरचेवर एमआरआय, अन् एवढं करून आजार थांबत नाही, फक्त वेग कमी होतो. तुम्ही लिहिलंय त्यावरून सासूबाई त्या टप्प्याच्या पुढे गेलेल्या वाटतात, दागिने मोडायची घाई नको.

आता पाच वाजताचं. संध्याकाळी गोंधळ वाढतो हे ह्या आजारात खूप घरांमध्ये दिसतं. "हेच आपलं घर" म्हणून वाद घालू नका, अन् माहेर विकलं हे तर सांगूच नका, ती बातमी त्यांना रोज नव्याने लागते. माझ्या आईला मी वर्षभर दुरुस्त करत बसले, तिला एकदाही पटलं नाही, माझं बीपी मात्र वाढलं. साडेचारलाच लाइट लावा, चहा द्या, इतवारीच्या घरी कोण कोण होतं विचारा, पुढ्यात मटार सोलायला ठेवा. दाराला घंटी लावा अन् फोन नंबरची चिठ्ठी पिशवीत राहू द्या.

एक मात्र लक्षात ठेवा, एक-दोन दिवसांत एकदम भ्रमिष्टासारखं वागायला लागल्या तर ते अल्झायमरवर ढकलू नका. लघवीचं इन्फेक्शन, सोडियम कमी होणं, अन् आपल्याकडच्या मे महिन्यात तर पाणी कमी पडणं, काहीही असू शकतं, त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

काकूंना आजाराचं नाव सरळ सांगून टाका. अन् पत्रात तुमच्या नवऱ्याचा कुठे पत्ताच नाही बाप्पा! आई त्यांची आहे न, आठवड्यातून दोन दिवस तरी पाच वाजता दारात त्यांना उभं करा.